गोट्या, लेव्हल ४६

संपादक मंडळाचा निरोप आला, "मराठी विभागात लेख कमी पडताहेत, तू काहीतरी लिही." आता माझं मराठी म्हणजे काय सांगू! दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की पाच रुपये दंड. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात मी अजून गोंधळते. (मेसच्या भैयाने बिल मराठीत सांगितलं की मी मुकाट्याने शंभराची नोट पुढे करते आणि सुटे परत घेते.) त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, ही सुरुवातीलाच विनंती.

लेखाचा विषय आहे पोकेमॉन. हसू नका! आमच्या विंगमध्ये निम्म्या जणींच्या लॅपटॉपवर लेक्चर नोट्सच्या फोल्डरमध्ये काय दडलंय ते मला माहीत आहे. तर विषय असा, की पोकेमॉन इव्हॉल्व्ह कसे होतात. मी आधी "पोकेमॉनचा विकास" असं लिहिलं होतं. माझी रूममेट नागपूरची, तिचं मराठी फर्स्ट क्लास. ती म्हणाली, "विकास रस्त्यांचा होतो. याला उत्क्रांती म्हणतात." मी तो शब्द चार वेळा मोठ्याने म्हणून बघितला, तेव्हा कुठे जमला.

पण खरं सांगायचं तर हा शब्दही चूकच आहे. आणि चूक आमच्या नागपूरकर बाईसाहेबांची नाही, थेट जपानची आहे.

ज्यांनी हा खेळ कधीच खेळला नाही (म्हणजे बहुतेक आमचे सर आणि मॅडम) त्यांच्यासाठी थोडक्यात. सातोशी ताजिरी नावाचा एक जपानी माणूस. टोकियोच्या माचिदा नावाच्या उपनगरात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा नाद. पुढे तिथली तळी बुजली, शेतं गेली, इमारती आल्या आणि किडेही गेले. हा मुलगा मोठा होऊन व्हिडिओ गेमच्या नादी लागला आणि १९८३ साली त्याने 'गेम फ्रीक' नावाचं एक मासिक काढलं. मासिक कसलं, हाताने लिहायचं, झेरॉक्स काढायच्या आणि स्टेपल मारायच्या. आपल्या संपादक मंडळाने नोंद घ्यावी! मासिकाला चित्रं काढायला केन सुगिमोरी मिळाला. १९८९ मध्ये याच मासिकाची कंपनी झाली आणि १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये गेमबॉयसाठी पोकेमॉनचे पहिले दोन खेळ आले, रेड आणि ग्रीन. दोन गेमबॉय जोडणारी एक केबल असायची. ती बघून ताजिरीला वाटलं होतं, की या वायरमधून किडे चालत इकडून तिकडे जातील. गेलेले किडे त्याने असे परत आणले. तेव्हा पोकेमॉन होते १५१, आज हजाराच्या पुढे आहेत.

आता किडेवाल्या माणसाच्या डोक्यातून निघालेला खेळ म्हटल्यावर त्यात अळीचं फुलपाखरू होणारच. कॅटरपी ही अळी, सातव्या लेव्हलला तिचा मेटापॉड हा कोश होतो, दहाव्या लेव्हलला बटरफ्री. खेळात याला जपानी शब्द वापरला 'शिन्का', आणि डार्विनच्या उत्क्रांतीलाही जपानीत हाच शब्द. इथेच घोटाळा झाला. डार्विनच्या हिशेबात एकटा जीव कधीच उत्क्रांत होत नाही. एक माकड झाडावर बसल्या बसल्या माणूस होत नाही. पिढ्यान् पिढ्या जातात, काही जगतात, काही जगत नाहीत आणि सगळी जमात हळूहळू बदलते. एकाच जिवाने एकाच जन्मात रूप बदललं तर ते रूपांतरण, म्हणजे अळीचं फुलपाखरू आणि बेडकीच्या पिल्लाचा बेडूक. पोकेमॉन करतात ते हे. पण "तुझा पोकेमॉन रूपांतरित होत आहे" म्हणण्यात ती मजा नाही, म्हणून मीही पुढे इव्हॉल्व्हच म्हणणार आहे. असो.

इव्हॉल्व्ह व्हायचा सरळ मार्ग म्हणजे लेव्हल. लढाया जिंकायच्या, अनुभवाचे पॉइंट साठवायचे, ठरलेली लेव्हल आली की झालं. चारमँडर सोळाव्या लेव्हलला चारमीलियन आणि छत्तिसाव्याला चारीझार्ड. यामागे चक्क सूत्रं आहेत. कॅटरपीच्या गटाला 'न' लेव्हल गाठायला न चा घन इतके पॉइंट लागतात. दहावी लेव्हल म्हणजे बरोबर १०००. काही पोकेमॉन हळू शिकणाऱ्या गटात आहेत, त्यांना याच्या सव्वापट. शंभराव्या लेव्हलपर्यंत पहिल्याला दहा लाख, दुसऱ्याला साडेबारा लाख. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून एखाद्याला एका वाचनात समजतं आणि एखाद्याला सव्वा वाचनात, हे ताजिरीच्या कंपनीला १९९६ मध्ये माहीत होतं. आपल्या टाइमटेबलला अजून माहीत नाही.

या हळू गटातला सगळ्यात प्रसिद्ध प्राणी म्हणजे मॅजिकार्प. हा एक लाल मासा. खेळात माउंट मूनजवळ एक माणूस तो पाचशेला गळ्यात मारतो. माशाला एकच गोष्ट येते, 'स्प्लॅश'. म्हणजे उड्या मारणं. त्याने काहीही होत नाही, खेळ स्वतःच तसं लिहून दाखवतो. पंधराव्या लेव्हलला बिचारा कसाबसा धडक मारायला शिकतो. पण विसाव्या लेव्हलला याचाच ग्याराडोस होतो. समुद्रातला अक्राळविक्राळ राक्षस. मॅजिकार्पच्या सगळ्या मूळ ताकदींची बेरीज २००, ग्याराडोसची ५४०. हल्ल्याची ताकद १० वरून १२५! यातली एक गंमत मला फार आवडते. वेग मात्र ८० चा ८१ होतो, फक्त एकाने वाढतो. म्हणजे तो बावळट मासा पहिल्या दिवसापासून तेवढाच चपळ होता. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

ते विसाव्या लेव्हलपर्यंत जाणं मात्र त्याच्या हातात नसतं. दहा हजार पॉइंट लागतात आणि एकही लढाई तो स्वतः जिंकू शकत नाही. मग काय करायचं? त्याला पुढे उभं करायचं, लगेच मागे घ्यायचं आणि लढायला दुसऱ्याला पाठवायचं. पॉइंट दोघांत वाटले जातात. वर्षभर दुसऱ्याच्या जर्नलवर जगणाऱ्या मंडळींनी इथे लाजायला हरकत नाही. मीही त्यातलीच.

दुसरा मार्ग दगडांचा. पिकाचूला थंडर स्टोन दिला की क्षणात रायचू. कितीही लहान लेव्हल असो, थांबणं नाही. ईव्ही नावाच्या प्राण्याला पाणी, वीज, आग यांपैकी जो दगड द्याल तसा तो होतो. आता त्याची एकूण आठ रूपं आहेत. म्हणजे एफ.ई.चं पोरगं, ब्रँच मिळायच्या आधी! पण दगडाची एक मेख आहे. दगडाने झालेला पोकेमॉन पुढे जवळजवळ काही नवीन शिकायचा नाही, निदान जुन्या खेळांत तरी. घाईने मोठं केलं तर शिकायचं राहून जातं.

ब्रँचवरून आठवलं. वर्मपल नावाची एक अळी आहे. सातव्या लेव्हलला तिचा कोश होतो, पण कोश दोन प्रकारचे. एकातून सुंदर फुलपाखरू निघतं, दुसऱ्यातून विषारी पतंग. कुठला होणार हे ती अळी पकडतानाच आत लपलेल्या एका आकड्यावरून ठरून गेलेलं असतं. तुम्ही काहीही करा, कितीही लाड करा, बदलत नाही आणि आधी दिसतही नाही. याला आपल्याकडे कॅप राउंड म्हणतात.

तिसरा मार्ग देवाणघेवाणीचा. कदाब्राचा अलाकझाम व्हायचा तर तो केबलने दुसऱ्याला द्यावा लागतो. तुमच्याजवळ कितीही ठेवा, शंभराव्या लेव्हलपर्यंत न्या, तो कदाब्राच राहणार. आपल्याला सोडून दुसऱ्याच्या हातात गेला की त्याच क्षणी मोठा होतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग! हॉस्टेलला उगाच पाठवलं का तुला?" (२०२२ च्या एका खेळात मात्र ही केबल एक वस्तू म्हणूनच मिळू लागली. ती दिली की झालं, मित्राची गरज नाही. काळ कुठे चाललाय बघा.)

चौथा मैत्रीचा. शून्य ते २५५ असा मैत्रीचा आकडा खेळ गुपचूप मोजत असतो. बरीच वर्षं २२० ची अट होती. सोबत चालल्याने मैत्री वाढते, लढाईत बेशुद्ध पडू दिलं तर कमी होते. कडू औषध पाजलं तरी कमी होते. मेसमध्ये कारल्याची भाजी वाढणाऱ्यांनी विचार करावा.

बाकी मग नुसता धुमाकूळ आहे. टायरोग विसाव्या लेव्हलला स्वतःचा हल्ला आणि बचाव यांची तुलना करतो. हल्ला जास्त तर एक रूप, बचाव जास्त तर दुसरं, समान तर तिसरं. सी प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलचा इफ-एल्स! २०१३ च्या खेळातला इन्के तर तिसाव्या लेव्हलला हातातलं यंत्र उलटं धरल्याशिवाय इव्हॉल्व्हच होत नाही. त्याच वर्षी मेगा इव्होल्यूशनही आलं. लढाईपुरतं प्रचंड मोठं व्हायचं आणि लढाई संपली की मूळ रूपात परत. सबमिशनच्या आदल्या रात्री आपलं जे होतं, तेच.

हे सगळं मला शिकवलं माझ्या दादाने. खरा लेख इथून सुरू होतो.

आम्ही सोलापूरचे. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो अकरा वर्षांचा असताना दुबईच्या मामाने त्याला गेमबॉय ॲडव्हान्स आणून दिला होता, त्यात 'फायररेड' ही एकच कॅसेट. त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीत बसून खेळायचं. आणि तेव्हा लोडशेडिंग! दादा मेणबत्तीच्या उजेडात पडदा तिरका धरून खेळायचा. दोन पेन्सिल सेल लागायचे, ते भिंतीवरच्या घड्याळातून काढले जायचे. आमच्या घरात किती तरी दिवस साडेचार वाजलेले असायचे.

गल्लीत दुसरा गेमबॉय कुणाकडेच नव्हता. त्यामुळे दादाचा कदाब्रा कधीच अलाकझाम झाला नाही. केबल घेऊन काय करणार, पलीकडचं टोक लावायला माणूस पाहिजे ना.

मी सहा वर्षांची असताना दादाने पुन्हा पहिल्यापासून खेळ सुरू केला, माझ्यासाठी. सुरुवातीला तीन पोकेमॉनपैकी एक निवडायचा असतो. मी बल्बासॉर निवडला, पाठीवर कांदा असलेला हिरवा बेडकासारखा प्राणी. त्याला आपलं नाव देता येतं. मी म्हटलं, गोट्या. दादाने रोमन अक्षरं शोधून शोधून गोट्या टाइप केलं.

गोट्या सोळाव्या लेव्हलला आला. बल्बासॉरचा या लेव्हलला आयव्हीसॉर होतो. लढाई संपली, वेगळंच संगीत सुरू झालं आणि गोट्या पडद्यावर पांढराफट्ट पडला. नुसता आकार. मग तो आकार लहान-मोठा, लहान-मोठा असा लुकलुकायला लागला. मला वाटलं, गोट्या मेला! मी जे भोकाड पसरलं ते आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आली. दादाने घाईघाईने 'बी' बटण दाबलं. संगीत थांबलं. गोट्या होता तसा परत आला.

तेव्हा मला कळलं, की असंही एक बटण आहे. इव्हॉल्व्ह होत असताना बी दाबलं की ते थांबतं. पण कायमचं नाही हं. पुढची लेव्हल आली की खेळ पुन्हा विचारतो आणि पुन्हा दाबावं लागतं. दादाने मला वचन दिलं, "नाही होऊ देणार." आणि पाळलं. सतराव्याला दाबलं, अठराव्याला दाबलं. बाकीचे सगळे मोठे झाले, मॅजिकार्पचा ग्याराडोस झाला, गोट्या मात्र आपला बेडूकच. मित्र हसायचे त्याला. दादा म्हणायचा, "त्याला घाई नाय." यात एक फायदाही असतो, तो मला पुढे कळला. न बदललेला पोकेमॉन काही गोष्टी लवकर शिकतो. सोलार बीम हा मोठा हल्ला फायररेडमध्ये बल्बासॉरला शेहेचाळिसाव्या लेव्हलला येतो, आयव्हीसॉरला छप्पन्नाव्या आणि पूर्ण वाढलेल्या व्हीनसॉरला पासष्टाव्या.

गोट्या शेहेचाळिसाव्या लेव्हलला आला, सोलार बीम शिकला आणि तिथे थांबला. कारण २०१४ मध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. रिवाइंडिंग म्हणजे सगळा हाताचा खेळ. दादा तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. "एक वर्ष दुकान बघतो, मग परत जातो," असं म्हणाला होता. मी तिसरी-चौथीत असेन. मला आठवतं ते एवढंच, की घड्याळ पुन्हा चालायला लागलं. सेल काढायला कुणाला वेळच नव्हता.

आता मधली दहा वर्षं गाळते. माझी कॉन्व्हेंटची फी दुकानातून गेली, क्लासची गेली. इंजिनीअरिंगला मी इलेक्ट्रिकल घेतलं तेव्हा बाबांनी डाव्या हाताने पेढे वाटले. आणि २०२४ च्या जुलैमध्ये माझा एस.ई.चा निकाल लागला. वायडी.

ज्यांना माहीत नाही (तुम्ही फार सुखी आहात) त्यांच्यासाठी: वायडी म्हणजे इयर डाउन. पाच विषय राहिले होते. त्यातला एक इलेक्ट्रिकल मशीन्स. मोटार रिवाइंडिंगवाल्याची पोरगी मशीन्समध्ये नापास! मी घरी सांगितलं, निकाल लागायचाय. तीन आठवडे रोज फोनवर हेच. "रखडलाय गं आई, युनिव्हर्सिटीचं काय सांगावं." रूम खाली करायची वेळ आली, कारण वायडीवाल्यांना हॉस्टेल नाही. तेव्हा सुट्टी म्हणून सांगितलं आणि तीन बॅगा घेऊन घरी गेले. सुट्टीला कुणी गादी घेऊन येतं का? पण कुणी काही विचारलं नाही.

त्या रात्री दादाला डबा द्यायला दुकानात गेले. लग्नसराईतल्या जनरेटरसारखा तो कायम कामात. एक मोटार भट्टीत वाळत होती, वार्निशचा वास भरला होता. मला दहाचा स्क्रू ड्रायव्हर आण म्हणाला. ड्रॉवर उघडला तर कार्बन ब्रश आणि कपॅसिटरच्या खाली जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला गेमबॉय! सेल काढून ठेवलेले होते, त्यामुळे गंजला नव्हता. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "चालतोय का बघ," आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला.

चालू झाला. फायररेडचा सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, सेल नसले तरी जात नाही. दहा वर्षांनी गोट्या तिथेच उभा होता. लेव्हल ४६.

दादा टेबल लॅम्पखाली पडदा तिरका धरून खेळायला लागला. हात काळे, पण बोटं सगळं विसरली नव्हती. दोन-चार लढाया झाल्या. सत्तेचाळिसावी लेव्हल आली, ते संगीत सुरू झालं, गोट्या पांढरा पडला. दादाचा अंगठा आपोआप बी वर गेला. एकतीस वेळा दाबलेलं बटण, दुसरं काय होणार.

आणि मी म्हटलं, "दादा, मी वायडी झालेय."

त्याने वर बघितलं. मी एका दमात सगळं सांगितलं, पाच विषय, मशीन्स, तीन आठवड्यांची थाप, गादी. रडले पण, सहा वर्षांची असताना रडले होते तशीच. तो काही बोलला नाही. मग त्याला पडद्याची आठवण झाली. बघतो तर संगीत संपलेलं. पडद्यावर गोट्या नव्हता, आयव्हीसॉर होता. बटण दाबायचं राहूनच गेलं होतं.

"मशीन्समध्ये किती?" त्याने विचारलं.

"अठरा."

"शंभरपैकी?"

"हं."

मग तो हसायला लागला. मला वाटलं होतं ओरडेल. "बाबाला मशीन्सचं सांगू नको," म्हणाला, "बाकी चार सांग."

मला तेव्हा जे बोलायचं होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, तू माझ्यासाठी स्वतःवरच बी बटण दाबलंस आणि मी हे असं केलं. सिनेमातलं वाक्य होतं, दहा वर्षं साठवलेलं. दादा म्हणाला, "येडी आहेस का चिमे? बटण-बिटण काही नव्हतं. दुकान उघडायला कुणीतरी पाहिजे होतं, मी उघडलं. उद्या साडेनऊला तूपण ये."

वर्ष असं गेलं. या वर्षाची मेटापॉडशी तुलना करायचा मोह होतो. कोशात अळीचं जवळजवळ पाणी होतं, बरंचसं शरीर विरघळतं, पण पंखांच्या आणि पायांच्या पेशींचे बारीक पुंजके अळीतच आधीपासून असतात, त्यातून नवीन प्राणी उभा राहतो. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका जातीच्या अळ्यांना एक वास आला की शॉक, अशी सवय लावली. पुढे त्यांचे पतंग झाले, तरी पुष्कळसे पतंग त्या वासापासून लांब पळत. एवढं विरघळूनही आठवण उरते. वाचून मला रडू आलं होतं. पण मी कोशात होते वगैरे म्हणणं खोटं होईल. पहिले दोन महिने मी फक्त दुपारी झोपत होते आणि गिऱ्हाईकं आली की उठत होते.

मग हळूहळू स्टेटरचे स्लॉट मोजायला लागले. जळालेली वाइंडिंग काढायची, किती वेढे ते वहीत लिहायचं, तारेचा गेज बघायचा, स्लॉटमध्ये कागद घालायचा. एकदा मी दादाला विचारलं, सगळ्या चार पोलच्या मोटारींवर १४४० च का लिहिलेलं असतं? ५० हर्ट्झला १५०० यायला पाहिजेत. तो म्हणाला, "पंधराशेला पळाली तर ओढंल कशी? थोडी मागंच राहायला लागती." मी वहीत गणित केलं. साठ भागिले पंधराशे, चार टक्के. पुस्तकात याला स्लिप म्हणतात, दीड पानाची व्याख्या आहे, मी दोन वेळा पाठ केली होती. थोडी मागे राहते म्हणूनच काम करते. हे मला परीक्षेत कुणी असं विचारलंच नव्हतं! पुढच्या परीक्षेला मशीन्समध्ये त्र्याहत्तर मिळाले. (हा आकडा मी रूममेटला विचारून अक्षरात लिहिलाय.)

आता शेवट गोड करायचा तर दादाने डिप्लोमाचा फॉर्म भरला, असं लिहायला पाहिजे. नाही भरला. विचारलं की "बघू" म्हणतो. तो एकोणतीस वर्षांचा आहे. माणसाला सोळाव्या लेव्हलला काही होत नाही, विसाव्यालाही नाही, हे मी स्वतःवरून सांगते. वीस पूर्ण झाले मला, सकाळी आरशात बघितलं, मासाच होता.

फक्त त्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. मी डोळे पुसत होते तेव्हा दादाने पडदा माझ्याकडे फिरवला. म्हणाला, "बघ, नाव बदललं नाही." खरंच. नाव दिलेलं नसेल तर इव्हॉल्व्ह झाल्यावर नाव आपोआप बदलतं. आपण दिलेलं असेल तर तेच राहतं. वर गोट्याच लिहिलेलं होतं. लेव्हल तीच, आतले जन्मापासूनचे आकडे तेच, शिकलेलं सगळं तसंच. "आणि सोलार बीम पण आहे," दादा म्हणाला. "दुसऱ्यांच्याला या लेव्हलला नसतो."

गेमबॉय आता माझ्याकडे आहे, रूम नंबर सांगणार नाही, सेल चोरीला जातात. गोट्या सत्तेचाळिसाव्या लेव्हलला आहे. अठ्ठेचाळिसाव्याला पुन्हा ते संगीत वाजेल, कारण व्हीनसॉर व्हायची लेव्हल तर बत्तिसाव्यालाच येऊन गेलेली आहे. एकच लढाई लागेल. पण मी खेळत नाही. दिवाळीला घरी जाईन तेव्हा दुकानात, टेबल लॅम्पखाली, दादाच्या हातात देणार आहे. बी बटणापासून अंगठा लांब ठेवायचा, एवढंच सांगणार आहे.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी
(एक वर्ष उशिरा)